इशारा मिळाला, पुढें काय ?

मोठें संकट कोसळलें म्हणजे आमच्या लोकांच्या तोंडून दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक पक्ष कपाळास हात लावून म्हणतो, "ईश्वरी क्षोभापुढें मनुष्याचें काय चालणार ?" दुसरा पक्ष नव्या विद्येचा अभिमानी. तो म्हणतो, "आतां यंत्रें झालीं, आकाशांत उपग्रह फिरूं लागले, संकटाची वर्दी आगाऊ मिळते, मग चिंता कसली?" हे दोन्ही पक्ष एकमेकांस अडाणी समजतात, परंतु आमच्या मतें दोघांची चूक एकच आहे. आपल्याकडे कांहीं काम उरलें आहे असें दोघांपैकीं एकासही वाटत नाहीं. पहिल्यानें सगळा भार दैवावर टाकला, दुसऱ्यानें तो यंत्रावर टाकला, आणि घराचें छप्पर मात्र होतें तसेंच राहिलें. २०११ सालच्या वसंत ऋतूंत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टोर्नेडो नांवाच्या वादळांनीं जो संहार केला, त्याची हकीकत या दोन्ही पक्षांनीं विचारांत घेण्यासारखी आहे, म्हणून आज आम्ही ती वाचकांपुढें थोड्या विस्तारानें मांडीत आहों.

टोर्नेडो म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. चैत्र-वैशाखांत दुपारच्या वेळीं माळावर धूळ आणि पाचोळा गरगर फिरवीत जाणारी वावटळ आपण सर्वांनीं पाहिली आहे. टोर्नेडो दिसण्यांत तिच्यासारखा, पण जातीनें निराळा. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते. टोर्नेडोचें मूळ गडगडाटी मेघाच्या पोटांत असतें. अमेरिकेच्या दक्षिणेस असलेल्या मेक्सिकोच्या आखातावरून उबदार व बाष्पयुक्त हवा उत्तरेकडे येते, पश्चिमेच्या उंच व रुक्ष प्रदेशाकडून कोरडी हवा तिच्यावर पसरते, आणि फार उंचावर वेगवान वाऱ्याचा थंड झोत वाहत असतो. जमिनीलगतच्या वाऱ्याची दिशा एक व वरच्या वाऱ्याची दुसरी, यामुळें हवेस पीळ बसतो; मेघांतील वर चढणारा प्रवाह तो पीळ उभा करितो, आणि सबंध मेघच भोंवऱ्याप्रमाणें फिरूं लागतो. अशा थोड्या मेघांतूनच टोर्नेडो निपजतो. शिकागो विद्यापीठांतील जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनीं १९७१ सालीं त्याचें बळ ठरविण्याची रीति घालून दिली. ती रीति अशी कीं, वादळ निघून गेल्यावर मागें राहिलेल्या पडझडीवरून वाऱ्याच्या वेगाचा अदमास बांधावयाचा. २००७ सालापासून तिची सुधारलेली आवृत्ति वापरांत आहे. तींत शून्यापासून पांचापर्यंत पायऱ्या असून पांचवी पायरी म्हणजे ताशीं २०० मैलांहून अधिक वेग होय.

आतां त्या वर्षाची हकीकत ऐका. २०११ च्या एप्रिल महिन्याच्या २५ तारखेपासून २८ तारखेपर्यंत अमेरिकेच्या दक्षिण व पूर्व भागांत साडेतीनशेंहून अधिक टोर्नेडो झाले. त्यांतील दोनशेंहून अधिक एकट्या २७ तारखेचे होते. त्या एका दिवसांत तीनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं, आणि त्यांतील दोनशेंहून अधिक एका अलाबामा संस्थानांतील होतीं. पांचव्या पायरीचा टोर्नेडो कित्येक वर्षें होत नाहीं. त्या दिवशीं तसे चार झाले. त्यांपैकीं हॅकलबर्ग व फिल कॅम्बेल या गांवांवरून गेलेल्या एकानें सुमारें १३० मैलांची वाट तुडवून ७२ माणसें मारलीं. टस्कलूसा व बर्मिंगहॅम या मोठ्या वस्तींतून गेलेल्या दुसऱ्यानें, तो चौथ्या पायरीचा असूनही, साठांहून अधिक बळी घेतले. एवढ्यावर संकट संपलें नाहीं. एक महिना लोटण्यापूर्वींच २२ मे रोजीं रविवारीं सायंकाळीं मिसूरी संस्थानांतील जॉप्लिन शहरावर पांचव्या पायरीचा टोर्नेडो येऊन सुमारें १६० माणसें मेलीं, हजारांवर जखमी झालीं, आणि शहरांतील एक मोठें रुग्णालय जागच्या जागीं निकामी झालें. त्या सालीं टोर्नेडोंमुळें त्या देशांत साडेपांचशेंवर मृत्यु झाले. १९२५ सालीं मिसूरी, इलिनॉय व इंडियाना या तीन संस्थानांतून गेलेल्या एकाच टोर्नेडोनें ६९५ माणसें मारलीं होतीं. त्या काळीं कसलाही इशारा नव्हता. २०११ सालीं इशारा होता, आणि तरीही इतकी माणसें मेलीं. आमच्या आजच्या लेखाचा मुद्दा हाच आहे.

इशारा देण्याची विद्या त्या देशास सहज लाभली नाहीं. १८८० नंतरच्या वर्षांत जॉन फिन्ले नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें टोर्नेडोचीं भाकितें करण्याचा प्रयोग चालविला होता. वरिष्ठांनीं तो बंद पाडला, आणि पुढें अंदाजांत टोर्नेडो हा शब्दच वापरूं नये असा दंडक पडला. कारण असें दिलें जाई कीं, लोक भिऊन सैरावैरा धांवतील आणि वादळापेक्षां त्या घबराटीनेंच अधिक हानि होईल ! लोकांस खरें सांगितल्यास ते बिघडतील, ही राज्यकर्त्यांची समजूत आपल्याही परिचयाची आहे. १९४८ सालच्या मार्च महिन्यांत ओक्लाहोमा संस्थानांतील टिंकर येथील विमानतळावर टोर्नेडो येऊन लष्कराच्या विमानांची मोठी नासाडी झाली. तेव्हां मेजर फॉबुश व कॅप्टन मिलर या दोघांनीं हवेच्या स्थितीचा अभ्यास केला, आणि पांचच दिवसांनीं, २५ मार्च रोजीं, तशीच स्थिति दिसतांच भाकित वर्तविलें. विमानें आंत घेतलीं गेलीं, माणसें आसऱ्यास गेलीं, आणि त्याच सायंकाळीं टोर्नेडो खरोखरच त्याच तळावर आला ! या प्रसंगानंतर शब्दावरील बंदी फार दिवस टिकणें शक्य नव्हतें. पुढें डॉप्लर रडार आलें, नॉर्मन या गांवीं राष्ट्रीय केंद्र झालें, आणि मेघाच्या पोटांतील भ्रमण पडद्यावर दिसूं लागलें.

या विद्येनें २०११ सालीं आपलें काम चोख बजावलें, हें कबूल केलें पाहिजे. २७ एप्रिलचा दिवस घोर आहे हें कित्येक दिवस आधींच जाहीर झालें होतें, आणि त्या दिवशीं टोर्नेडो येण्यापूर्वीं सरासरीनें वीस मिनिटांहून अधिक अवधि मिळेल असे इशारे निघाले. जॉप्लिनमध्येंही वादळ शहरांत शिरण्याच्या बऱ्याच आधीं भोंगे वाजले होते. वीस मिनिटांत मनुष्य तळघरांत उतरूं शकतो, शेजारच्या म्हाताऱ्यास हांक मारूं शकतो, मुलांस पोटाशीं धरूं शकतो. मग ही माणसें कां मेलीं ?

याचीं कारणें चौकशीअंतीं पुढें आलीं तीं अशीं. २७ तारखेस पहाटे व सकाळीं वादळांची एक पहिली फळी त्या प्रदेशावरून गेली. तिनें विजेच्या तारा तोडल्या आणि इशारे पोहोंचविणारीं कांहीं रेडिओ केंद्रेंही बंद पाडलीं. दुपारीं खरा काळ आला तेव्हां पुष्कळ घरांत दिवा नव्हता, दूरचित्रवाणी नव्हती, आणि निरोप पोहोंचण्याची वाटच उरली नव्हती. दुसरें कारण राहत्या घरांचें. दक्षिणेंतील कित्येक गरीब कुटुंबें कारखान्यांत तयार करून गाडीवरून आणलेल्या हलक्या घरांत राहतात. त्या देशांतील एकंदर घरांत अशीं घरें शेंकडा सहांच्या आसपास. परंतु अलीकडच्या काळांत टोर्नेडोनें मेलेल्या माणसांपैकीं निम्म्याच्या जवळपास माणसें अशा घरांत मेलीं आहेत. पाया नाहीं, तळघर नाहीं, जवळ सार्वजनिक आसरा नाहीं. अशा मनुष्यास इशारा मिळाला तरी त्यानें जावें कोठें? तिसरें कारण जॉप्लिनचें. तेथील पुष्कळ लोकांनीं पहिला भोंगा ऐकिला, पण ते उठले नाहींत. कोणी खिडकीशीं जाऊन आकाश पाहिलें, कोणी दूरचित्रवाणी लावली, कोणी शेजाऱ्यास विचारलें. भोंगे वरचेवर वाजत, आणि बहुतेक वेळां कांहींच होत नसे. त्या काळीं त्या देशांत टोर्नेडोच्या चार इशाऱ्यांपैकीं तीन फोल जात. लांडगा आला रे आला, ही आपल्या क्रमिक पुस्तकांतील गोष्ट तेथें खरी ठरली. फरक इतकाच कीं, येथें ओरडणारा पोरगा लबाड नसून प्रामाणिक होता.

आणि चवथें कारण सर्वांत महत्त्वाचें. त्या देशाच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेनें जॉप्लिनची सविस्तर चौकशी करून २०१४ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, बहुतेक मृत्यु इमारती कोसळल्यामुळें झाले. वारा मनुष्यास क्वचितच मारतो. वाऱ्यानें उखडलेलें छप्पर, कोलमडलेली भिंत आणि उडालेला पत्रा हे त्याला मारतात. छप्पर, भिंत आणि पत्रा हीं मनुष्यानें बांधलेलीं असतात. सबब तेथें देवाचा हात शोधण्यापूर्वीं गवंड्याचा, मालकाचा आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा हात पाहणें अगत्याचें आहे.

यावर दोन आक्षेप येतील हें आम्ही जाणून आहों. पहिला असा कीं, ताशीं दोनशें मैलांच्या वाऱ्यापुढें कोणतें घर टिकणार ? आक्षेप वाजवी आहे, पण अपुरा आहे. पांचव्या पायरीचे टोर्नेडो शेंकड्यांत एकही नसतात, आणि अशा टोर्नेडोच्या वाटेंतही तो कमाल वेग अरुंद पट्ट्यापुरताच असतो; बाकीच्या भागांत मध्यम वेगाचा वारा असतो, आणि छप्पर भिंतीस व भिंत पायास नीट बांधलेली असल्यास घर पुष्कळदां उभें राहतें. शिवाय सबंध घर अभेद्य करण्याची गरजही नाहीं. घरांत किंवा शाळेंत पोलाद व काँक्रीट यांची एक लहानशी भक्कम खोली केली म्हणजे पुरे. ताशीं अडीचशें मैलांच्या वाऱ्यास टिकेल अशा खोलीचे नकाशे त्या देशाच्या सरकारनेंच छापून लोकांस दिले आहेत. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्यास ओक्लाहोमांतील मूर शहरानें उत्तर दिलें आहे. तें शहर १९९९ सालीं उद्ध्वस्त झालें, आणि २० मे २०१३ रोजीं पुन्हां झालें. दुसऱ्या खेपेस मेलेल्या २४ जणांत एका प्राथमिक शाळेंतील सात मुलें होतीं. त्या शाळेंत आसऱ्याची खोली नव्हती. तेव्हां २०१४ सालीं त्या नगरपालिकेनें ताशीं १३५ मैलांच्या वाऱ्यास टिकेल असें नवें घर बांधावें असा नियम केला. असा नियम करणारें त्या देशांतील तें पहिलें शहर होय. घरांच्या किंमती वाढून धंदा बसेल अशी भीति होती. परंतु बांधकामाचा खर्च फूटमागें सुमारें एका डॉलरनें वाढला. आमचे व्यापारी वाचक हिशेबी आहेत. एका चौरस फुटामागें एक डॉलर आणि शाळेंतील सात मुलें, या दोन रकमा समोरासमोर मांडून त्यांनींच बाकी काढावी.

मात्र २०१३ च्या मे महिन्यापूर्वीं हा नियम कां झाला नाहीं, हें विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १९९९ सालीं त्याच शहरांत माणसें मेलीं होतीं, विद्या तीच होती, पैसाही होता. उत्तर एवढेंच कीं, वादळ गेल्यावर आकाश निरभ्र होतें आणि निरभ्र आकाशाखालीं खर्चाची गोष्ट कोणासही गोड लागत नाहीं. ही प्रवृत्ति सरकारांसही सुटलेली नाहीं. २०२५ सालीं अमेरिकेच्या हवामान खात्यांतून काटकसरीच्या नांवाखालीं शेंकडों अनुभवी माणसें कमी झालीं, आणि कांहीं कचेऱ्यांस रात्रपाळी चालविणेंही जड जाऊं लागलें. त्याच वर्षीं १६ मे रोजीं रात्रीं केंटकी संस्थानांत टोर्नेडोनें सुमारें वीस माणसें मारलीं. त्या रात्रीं तेथील हवामान कचेरीनें जादा माणसें बोलावून इशारे दिले, हें तिला भूषणावह आहे. परंतु ज्या पहारेकऱ्यानें कित्येक वर्षें चोर आंत येऊं दिला नाहीं, त्यासच निरुद्योगी समजून काढून टाकण्यांत कसली काटकसर?

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या वादळाशीं आपणांस काय कर्तव्य ? त्यानें बंगालकडे पाहावें. जगांतील सर्वांत प्राणघातक टोर्नेडो अमेरिकेंत झालेला नाहीं. तो २६ एप्रिल १९८९ रोजीं बांगलादेशांतील माणिकगंज जिल्ह्यांत दौलतपूर व साटुरिया या भागांत झाला, आणि त्यांत सुमारें तेराशें माणसें मेलीं. बंगालच्या उपसागरावरील दमट हवा, वायव्येकडील तापलेली कोरडी हवा आणि वरचा वेगवान पश्चिमी वारा, ही सामग्री तेथेंही तीच आहे; फरक आहे तो दाट वस्तीचा आणि पत्र्याच्या व कुडाच्या घरांचा. आपल्या देशांतही २४ मार्च १९९८ रोजीं ओरिसा व बंगाल यांच्या सीमेवर टोर्नेडोनें शंभरावर बळी घेतले, आणि ३१ मार्च २००९ रोजीं ओरिसांतील केंद्रपाडा जिल्ह्यांत पुन्हां तोच प्रकार घडला.

परंतु याच बंगाली मुलुखानें दुसरा धडाही घालून दिला आहे. २९ एप्रिल १९९१ च्या समुद्री चक्रीवादळांत बांगलादेशांत सव्वा लाखाहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचें प्रमाण कितीतरी अधिक होतें. इशारा बाजारांत व मशिदींत पुरुषांच्या कानीं पडला. स्त्रिया घरांत राहिल्या. नवऱ्याच्या परवानगीवांचून उंबरठा ओलांडावयाचा नाहीं आणि परपुरुषांच्या गर्दींत आसऱ्यास बसावयाचें नाहीं, या रूढीनें समुद्रास मदत केली. पुढें त्या देशानें गांवोगांवीं आसरे बांधले, हजारों स्वयंसेवक तयार केले, त्यांत स्त्रियांसही घेतलें. आणि २००७ सालच्या तितक्याच भयंकर वादळांत मृत्यूंची संख्या सुमारें साडेतीन हजारांवर आली. ओरिसांतही १९९९ च्या महावादळांत दहा हजारांच्या आसपास माणसें मेलीं होतीं. २०१३ सालीं तसेंच मोठें वादळ आलें तेव्हां लाखों लोक आधींच हलविले गेल्यामुळें मृतांची संख्या शंभराच्याही आंत राहिली. समुद्र तोच, वारा तोच, दैवही तेंच. बदलली ती व्यवस्था. ईश्वरी क्षोभाची भाषा बोलणाऱ्यांस आम्ही नम्रपणें विचारतों कीं, या वर्षांत ईश्वराचा स्वभाव बदलला असें म्हणावयाचें आहे काय ?

महाराष्ट्रांत अमेरिकेसारखे टोर्नेडो होत नाहींत. पण वारा येथेंही वाहतो आणि छप्परें येथेंही उडतात. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलें. आगाऊ वर्दीमुळें मनुष्यहानि थोडी झाली, हें समाधानाचें. पण कौलारू घरांचीं छप्परें आणि नारळी-पोफळींच्या वाड्या भुईसपाट झाल्या. १३ मे २०२४ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें जाहिरातीचा एक अजस्र फलक सोसाट्याच्या वाऱ्यानें पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसें मेलीं. नियमाप्रमाणें फलकाची मर्यादा चाळीस फुटांची. हा सुमारें एकशेंवीस फुटांचा होता. त्या दिवशींचा वारा टोर्नेडोचा नव्हता. वैशाखांत दरवर्षीं येणारा तो वळवाचा वारा होता. वळवास आपण नवखे नाहीं. तेव्हां त्या सतरा जणांचें मरण कोणत्या दैवाच्या खातीं घालावयाचें ?

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. प्रत्येक नगरपालिकेनें पावसाळ्यापूर्वीं नालेसफाईप्रमाणेंच फलक, पत्र्याचे मांडव, टाक्या व जुन्या भिंती यांची तपासणी करावी आणि तिचा निकाल नांवनिशीवार प्रसिद्ध करावा. ज्या शाळेंत मुलें बसतात व ज्या रुग्णालयांत आजारी निजतात, तेथें निदान एक जागा वाऱ्या-पावसांत टिकेल अशी असल्यावांचून परवाना देऊं नये. वर्दी द्यावयाची ती साध्या मराठींत, गांवाचें नांव घेऊन, आणि काय करावें हें स्पष्ट सांगून द्यावी. जॉप्लिननंतर अमेरिकेंतील हवामान खात्यानेंही वादळाचा परिणाम स्पष्ट शब्दांत सांगण्याची रीति २०१२ सालीं मिसूरी व कॅन्सस या संस्थानांपासूनच सुरू केली. पुण्यांतील उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें विजेची सूचना देणारें 'दामिनी' हें साधन लोकांच्या हातीं दिलें आहे. तें मोबाइलवर असतें, आणि मोबाइल बहुधा घरच्या पुरुषाच्या खिशांत असतो. शेतांत भात लावणाऱ्या त्याच्या बायकोस ती सूचना कोण देणार, याचा विचार ग्रामपंचायतीनें करावा. व्यापारी बंधूंस आमची विनंति आहे कीं, गुदामाचा विमा उतरवितांना त्या गुदामाच्या छपराचे खिळे व आंकडेही एकदां मोजून घ्यावे, आणि आंत काम करणाऱ्या हमालास पळण्याची वाट ठेवली आहे कीं नाहीं हें पाहावें.

शास्त्रज्ञानें आपलें काम केलें म्हणजे वीस मिनिटें मिळतात. ती विद्या मिळविण्यास साठ-सत्तर वर्षें लागलीं. त्या वीस मिनिटांत मनुष्यानें जावें कोठें, हें ठरविणें शास्त्रज्ञाचें काम नाहीं. तें नगरपालिकेचें, घरमालकाचें आणि आपणां सर्वांचें आहे, आणि तें आकाश स्वच्छ असतांनाच करावें लागतें. पुढचा वैशाख फार दूर नाहीं.